सिम्स ४: नोकरी बरी की चित्रकला?

‘सिम्स ४’ या व्हिडिओ गेममध्ये आपण सिम नावाच्या आभासी माणसांचं आयुष्य चालवतो. एकट्या सिमला सुरुवातीला २०,००० सिमोलियन (गेममधले पैसे) मिळतात. घर घेतलं, सोफा मांडला की खिसा रिकामा. नोकरीत पगार ठरलेला, पण बढती हवी तर रोजचं नेमून दिलेलं काम उरकून, योग्य मूडमध्ये कामावर जावं लागतं. तेवढे तास सिम गायब आणि आपण घड्याळ पुढे पळवत बसायचं. कंटाळा येतो बुवा!

चित्रकलेला एक ईझल (चित्र काढायचा स्टँड) पुरतो. पहिली चित्रं कवडीमोलाने जातात. पण कौशल्य वाढलं आणि सिम ‘इन्स्पायर्ड’ (प्रेरित) मूडमध्ये असताना ब्रश हातात दिला, तर एखादी ‘मास्टरपीस’ दिवसाच्या पगाराला मागे टाकते. माझा कौल इकडेच. फक्त बिलं थकली की आधी वीज तुटते, म्हणून हात बसेपर्यंत नोकरी सोडू नका.