मालवणात स्नॉर्कलिंगचे पैसे देण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण कोल्हापूरहून मालवणला गेलो. हट्ट पुतण्याचा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, त्याचं क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, हे त्याला तोंडपाठ. त्याला प्रवाळ डोळ्यांनी बघायचे होते.

आठवडाभर आधी मोबाईलवर स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्याखालचं बघणं) करवणाऱ्या एकाचा नंबर मिळाला. त्याने निळ्याशार पाण्याचे व्हिडिओ पाठवले, माणशी ६०० रुपये सांगितले आणि निम्मे पैसे आगाऊ मागितले. क्यूआर कोडवर नाव भलत्याच माणसाचं होतं. विचारलं तर म्हणाला, "पाणी एकदम क्लिअर असा, तुमी फक्त येवा." मी १५०० रुपये पाठवले. पावती मागितली नाही, ही माझी चूक.

किनाऱ्यावर तो माणूस आलाच नाही, दुसराच आला. होडीवर परवान्याचा नंबर नव्हता आणि पाच जणांत लाइफ जॅकेटं तीन. तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण पोरगं होडीत जाऊन बसलं होतं.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे नेऊन त्यांनी नांगर थेट खडकावर टाकला. पाणी गढूळ, हातभर अंतरावरचं दिसेना. पाऊस संपल्यावर खाड्यांमधून आलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो. साधारण डिसेंबरपासून पाणी निवळतं, हे मला नंतर तिथल्याच एका मच्छीमार काकांनी सांगितलं. प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं पाण्यात धरलं. मासे यावेत म्हणून बिस्किटाचा चुरा टाकत होते. वर आल्यावर "व्हिडिओचे वेगळे ५०० द्या" म्हणाले, तेही दिले.

संध्याकाळी खोलीवर व्हिडिओ लावला. स्वच्छ पाणी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, सगळं होतं. वहिनी एकदम म्हणाली, "भाऊजी, हा हात माझा नाही." व्हिडिओतल्या हातात लाल दोरा होता, वहिनीच्या हातात हिरव्या बांगड्या. मास्कही काळा, आमचे पिवळे होते. दुसऱ्याच कुणाचं चित्रीकरण आम्हाला विकलं होतं. फोन लावला तर बंद.

पैशांपेक्षा मला एक गोष्ट जास्त लागली. होडीतल्या पोराने प्रवाळाचा एक तुकडा तोडून पुतण्याच्या हातात दिला होता, "आठवण" म्हणून. प्रवाळ तोडायला आणि जवळ बाळगायलाही वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

तिथे प्रामाणिकपणे हे काम करणारेही बरेच आहेत. त्यांच्याकडे महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा परवाना असतो, तो आधी दाखवायला सांगा. पैसे तिथे पोचून, पाणी बघून द्या आणि पावती घ्या. व्हिडिओ होडीतून उतरण्याआधी बघा, त्यातला मास्क आणि हात आपलाच आहे ना, हे तपासा.

तो तुकडा अजून ओला, बुळबुळीत होता. पुतण्याने तो मुठीत घट्ट धरला आणि होडी वळायच्या आत परत पाण्यात सोडला.