जुना डब्ल्यूपीए२ राऊटर ठेवावा की डब्ल्यूपीए३ चा नवा घ्यावा?

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका अमेरिकी भाडेकरूच्या घरी. वाय-फाय त्याचं, मेल दुसऱ्याच कुणाचा. गाडीतून उघडी, म्हणजे बिनपासवर्डची, नेटवर्क हुडकत फिरणाऱ्याला आता उघडं काही फारसं सापडत नाही. तो कच्चे पासवर्ड शोधतो.

वाय-फायला कुलूप लावणारी सुरक्षा पद्धत म्हणजे डब्ल्यूपीए२ (२००४), आणि तिची दुखरी नस तिथेच आहे. हल्लेखोर तुमच्या फोनला क्षणभर नेटवर्कवरून हुसकावतो, फोन पुन्हा जोडला जाताना होणारी देवाणघेवाण टिपतो आणि निघून जातो. पुढचं काम, म्हणजे पासवर्डचे अंदाज ताडून पाहणं, घरी, निवांत. आपल्याकडे सर्रास मोबाइल नंबरच पासवर्ड असतो. दहा आकडे, पहिला ६ ते ९, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम. पण पाच-सहा असंबद्ध शब्दांचा लांबलचक पासवर्ड ठेवला, तर तेच कार्ड हात टेकतं.

डब्ल्यूपीए३ (२०१८) या पुढच्या पिढीत टिपलेल्या माहितीवर घरी बसून अंदाज लढवता येत नाहीत. प्रत्येक प्रयत्न तुमच्या राऊटरशीच करावा लागतो. फोनला हुसकावण्याची युक्तीही सहजी चालत नाही. २०१९ मध्ये यातही फटी सापडल्या, त्या अपडेटने बुजवल्या गेल्या. अडचण जुन्या प्रिंटरची आणि स्वस्त स्मार्ट बल्बची: ते जोडलेच जात नाहीत. म्हणून दुकानदार ‘मिक्स’ मोड लावून देतो. त्यात डब्ल्यूपीए२ चा दरवाजा उघडाच राहतो, त्यामुळे पासवर्ड लांबच हवा.

माझं मत विचाराल तर, राऊटरला अजून अपडेट येत असतील तर नव्यावर पैसे घालू नका. पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. अपडेट थांबले असतील, किंवा सेटिंगमध्ये डब्ल्यूईपी अन् टीकेआयपी या जुन्या, कमकुवत पद्धती एवढेच पर्याय दिसत असतील, तर मात्र राऊटर भंगारात.

नेटवर्कचं नाव लपवणं, उपकरणाचा क्रमांक पाहून आत घेणारा मॅक फिल्टर लावणं यात वेळ दवडू नका. किस्मेटसारख्या फुकट सॉफ्टवेअरला दोन्ही दिसतं. नवा राऊटर घेतलातच, तर निव्वळ डब्ल्यूपीए३ ठेवा आणि बल्ब-प्रिंटरना वेगळ्या पासवर्डचं, डब्ल्यूपीए२ वर चालणारं गेस्ट नेटवर्क द्या.