१५ फुटी शिडीचं मचाण: लोखंड चोख, पट्टे बेभरवशाचे

अमेरिकेत शिकारीच्या सामानाच्या दुकानात 'लॅडर स्टँड' मागितलं की मिळतं ते मचाणच. शिडी, बैठक आणि कठडा एकत्र असलेलं. हे परीक्षण एका माणसापुरत्या, ३०० पौंड क्षमतेच्या स्वस्तातल्या मॉडेलचं.

उत्तरेकडच्या राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरात असतो. नर भर दुपारीही माद्यांच्या मागे भटकतात, म्हणून उजाडल्यापासून अंधारापर्यंत बसावं लागतं. पाठ टेकता येणारी रुंद बैठक तिथे कामी येते. रोज जागा बदलणाऱ्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये, वजनच ५०-६० पौंड आहे.

झाड जिवंत, सरळ आणि बुंध्याला भरदार हवं. अ‍ॅश या जातीची झाडं तिथे बऱ्याचदा किडीने पोखरलेली असतात, ती टाळा. जागा हरणांच्या वाटेपासून १५-२० यार्डांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा हरणांकडून आपल्याकडे येईल अशी.

उभं करायला तीन माणसं लागतात. एकाने शिडीचे पाय दाबून धरायचे, दोघांनी उचलायचं. मधला आधारदांडा बुंध्याला टेकला की आधी खालूनच दोन पट्टे फुलीसारखे आवळायचे. त्याआधी कुणीही पायरीवर पाय ठेवायचा नाही. अर्धवट बांधलेली शिडी बाजूला फिरते. मग हार्नेस (पडताना धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे) घालून, कमरेचा दोर बुंध्याभोवती घेऊन वर जायचं आणि रॅचेट पट्टा, म्हणजे खटक्याने आवळायचा पट्टा, कसायचा. पावसानंतर मऊ जमिनीत पाय रुततात, पट्टे सैल पडतात. तेव्हा पुन्हा कसणं आलंच.

खरी उणीव सुरक्षेच्या सामानात. खोक्यात अंगभर हार्नेस आहे, पण जीवनदोर नाही, आणि माणसं पडतात ती बहुधा चढता-उतरताना. ३० फुटी दोर वेगळा घ्याच. तो डोक्याच्या वर बांधून दुसरं टोक बुंध्याशी आणायचं आणि हार्नेसला जोडलेली प्रूसिक गाठ (हाताने सरकते, भार आला की आवळते) सोबत सरकवत चढायचं. बसल्यावर हार्नेसला झाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यात झोल नको. लटकण्याची वेळ आलीच तर पाय अडकवायला छोटा पट्टा खिशात असू द्या. नुसतं लटकत राहिलं तर मांड्यांतलं रक्त अडतं.

पट्टे वर्षभर झाडावर सोडू नका. खोड जाड होतं, ऊन लागतं, खारी कुरतडतात; दोन वर्षांनी बदलायचेच. दुसरी कटकट आवाजाची. थंडीत सांधे करकरतात आणि हरणाला तेवढं पुरतं. बोल्टखाली नायलॉनचे वॉशर आणि कठड्याला फोमची पट्टी लावली की बरंच भागतं.

हे सगळं ऑगस्टअखेर उरका, आड येणाऱ्या फांद्याही तेव्हाच छाटा. ऐन माजात तिथे ठोकाठोक केली तर माद्या वाट बदलतात. बंदूक रिकामी करूनच दोरीने वर ओढायची.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या पट्ट्यांनी घालवला, एक जीवनदोराने.