क्लिकपॅडचा लॅपटॉप, चौदा महिन्यांनंतर: कर्सर नाचायला लागला की आधी चार्जर काढा

साडेपंधरा इंची, मधल्या किमतीचा, टचपॅडला वेगळी बटणं नसलेला लॅपटॉप. विंडोज ११, दिवसाला सात-आठ तास काम. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या किमतीत टचपॅडची रचना सगळीकडे जवळपास एकच आणि दुखणीही तीच. स्क्रीन, कीबोर्ड, पंखा ठीक. बोलण्यासारखं आहे ते टचपॅडबद्दल.

अख्खी पाटी वरच्या कडेला बिजागरीसारखी अडकवलेली असते आणि खालच्या कडेला मधोमध एकच छोटा स्विच. म्हणून खाली दाबलं की टक् वाजतं आणि वर दाबलं तर दगड. डावं की उजवं हे स्विच ठरवत नाही. दाबताना बोट कुठे होतं ते बघून विंडोज ठरवतं. एवढं लक्षात राहिलं की अर्धं निदान घरबसल्या होतं. डावं क्लिक चालतंय आणि उजवं नाही, तर स्विच ठणठणीत आहे. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड, टॅप्स इथे जाऊन खालच्या उजव्या कोपऱ्यात दाबून राइट-क्लिक करायचा पर्याय टिक केलेला आहे का बघा. उलट, एकदा दाबलं की दोनदा क्लिक होत असेल, कुठेही दाबलं तरी, तर स्विचचा आतला पत्रा थकलाय. सेटिंग बदलून तो सुधारत नाही. जुन्या, दोन वेगळ्या बटणांच्या लॅपटॉपला हा हिशेब लागू नाही, तिथे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो.

आता कर्सर नाचण्याबद्दल. चार्जर लावला की बाण थरथरतो, स्क्रोल करताना पान उड्या मारतं, एका टॅपचे दोन होतात. चार्जर काढला की दोन सेकंदांत सगळं शांत. हा टचपॅडचा दोष नाही, अर्थिंगचा आहे. टचपॅड बोटामुळे होणारा धारितेतला (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतला) अगदी सूक्ष्म फरक मोजतो. अर्थ नसला की चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट लॅपटॉपच्या बॉडीवर तरंगत राहतो आणि बोट टेकलं की त्या मोजणीत मिसळतो. धातूची बॉडी असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला मुंग्या आल्यासारखं जाणवतं, तीच ही वीज. दोन पिनांच्या चार्जरला हा त्रास असू शकतो. तीन पिनांचा असूनही होत असेल तर संशय भिंतीतल्या सॉकेटवर घ्या: जुन्या घरांत तिसरं भोक असतं, त्यामागे वायर नसते. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार. तीन पिनांचा चार्जर घेऊन तो दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खोचणारे बरेच दिसतात. मग तिसऱ्या पिनेचे पैसे कशाला दिले?

पावसाळ्यात दमट हवेचा आणि घामट बोटांचा वेगळा ताप. पाटीवर तेल-घामाचा थर बसला की बोट अडखळतं आणि टॅप चुकतात. लॅपटॉप बंद करून मायक्रोफायबरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब घ्या आणि पुसा. थेंब थेट पाटीवर टाकू नका, कडेच्या फटीतून आत जातो.

पाटी पूर्णच मेली असेल तर स्क्रू-ड्रायव्हर शोधण्याआधी हे बघा. वायरलेस माउसचा डाँगल यूएसबीत विसरलाय का? माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा पर्याय बंद असेल तर तेवढ्यानेही पाटी झोपते. टचपॅड चालू-बंद करणारी फंक्शन-की चुकून दाबली गेली का? मग रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि ड्रायव्हर तसाच अडकलेला परत येतो. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानावर, जा. तिथे बाण हलत असेल तर पाटी चांगली, घोळ विंडोजमध्ये. विंडोज आणि एक्स दाबून मग एम, की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. आय-टू-सी एचआयडी डिव्हाइसवर (टचपॅड बहुधा याच नावाने दिसतो) पिवळा त्रिकोण असेल तर बाणाच्या कळांनी तिथे जा, शिफ्ट-एफ१० ने मेनू उघडा, अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट.

रॅम किंवा एसएसडी बदलून आणल्यावर पाटी गेली, तर नव्वद टक्के खात्री रिबनची, म्हणजे पाटीला बोर्डाशी जोडणाऱ्या चपट्या केबलची. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. मग रिबनच्या सॉकेटची बारीक झडप नखाने वर करा. ती उचलायची असते, ओढायची नाही, मोडली तर सगळा बोर्ड बदला म्हणतात. रिबन सरळ आत सरकवा. तिच्यावरची आडवी रेघ सॉकेटच्या तोंडाला समांतर दिसली पाहिजे. एक बाजू केसभर जरी तिरकी राहिली तरी क्लिक चालतं आणि बाण हलत नाही, किंवा उलट. परत लावताना स्क्रू अदलाबदल झाले तर लांब स्क्रूचं टोक पाटीला खालून टेकतं आणि क्लिक अर्ध्यातच अडतं.

एक प्रकार मात्र चालढकल करायचा नाही. क्लिक हळूहळू कडक होत गेलं, मग पाटी आपोआप दाबलेलीच राहायला लागली, तर स्टीलची पट्टी पामरेस्टवर (मनगट टेकतं त्या भागावर) आडवी ठेवून डोळ्याच्या रेषेत बघा. पाटी मधोमध वर आलेली दिसली तर खालची बॅटरी फुगली आहे. दाबू नका, चार्जिंगला लावू नका, टोचू तर मुळीच नका. बंद करून बॅटरी बदलून घ्या आणि जुनी ई-कचऱ्यात द्या. दुकानात यावर 'टचपॅड बदलू या' असं सांगणारे भेटतात, नवी पाटीही महिन्याभरात तशीच दाबली जाते.

या लॅपटॉपचं क्लिक अकराव्या महिन्यात ढिलं पडलं. पाटीच्या पाठीवर, जिथे स्विच टेकतो त्या जागी, कॅप्टॉन टेपचा (उष्णता सहन करणाऱ्या पातळ चिकटपट्टीचा) एक थर लावला, टक् परत आलं. दोन थर लावले तर पाटी दाबलेलीच राहिली. तेव्हापासून एका बोटाचा टॅप आणि दोन बोटांचा राइट-क्लिक वापरात आहे, स्विच फक्त ड्रॅगसाठी.