कामाच्या ताईंशी सगळं लिहून ठरवलं, त्याला वर्ष होत आलं: वापरानंतरचा अनुभव

घरकामाला येणाऱ्या ताईंशी काम, वेळ, पैसे आणि सुट्ट्या एका पानावर लिहून ठरवायच्या, एक प्रत त्यांच्याकडे आणि एक आमच्याकडे ठेवायची, ही पद्धत आम्ही पुण्यातल्या आमच्या घरात सुरू केली त्याला आता वर्ष होत आलं. आमच्या सोसायटीतल्या दोघीतिघींनी विचारलं, की याने खरंच काही फरक पडतो का, की नुसता कागद. फरक पडतो, आणि बराच पडतो. पण ते पान दोघांनाही बांधत असेल तरच.

आधी पानावर काय आहे ते सांगते. रोज केर-फरशी, भांडी आणि मशीनमधले कपडे वाळत घालणं. दोन बाथरूम आठवड्यातून दोनदा. स्टुलावर चढून करायचं कुठलंही काम रोजच्या कामात नाही, त्यामुळे पंखे, माळा आणि खिडक्यांच्या वरच्या काचा बाद. कपाटं आणि ड्रॉवर उघडायचे नाहीत. टेबलावरचे कागद जिथे असतील तिथेच ठेवून आजूबाजूने पुसायचं. हे सगळं सोपं होतं, अर्ध्या तासात लिहून झालं. ताईंनी पान घरी नेलं, मुलीबरोबर बसून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अटी घालून परत आणलं. त्या अटी आल्या म्हणूनच ही पद्धत टिकली, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वाढीव कामाच्या बाबतीत. कुठल्याही घरात कुरबुर सुरू होते ती "ताई, जरा एवढं करता का" या वाक्यापासून. जरा एवढं म्हणजे आज मिक्सरच्या भांड्यांचा ढीग, उद्या बाल्कनीतल्या कुंड्यांखालचा चिखल, परवा पाहुण्यांच्या गाद्या उन्हात घालणं. नाही म्हणणं त्यांना अवघड जातं, मग ते काम कसंबसं उरकलं जातं, आपण नाराज होतो आणि पुढच्या महिन्यात खाडे वाढतात. आम्ही सरळ दर लिहून टाकले. पाचपेक्षा जास्त पाहुणे जेवायला असतील तर त्या दिवसाचे वेगळे 150 रुपये. माळा किंवा पंखे असं मोठं काम असेल तर आदल्या आठवड्यात विचारायचं, त्याचे पैसे आधी ठरवायचे आणि शिडी धरायला घरातलं कुणीतरी हजर राहायचं.

याची खरी परीक्षा झाली ती नणंदेच्या डोहाळजेवणाला. सकाळी पंचवीस माणसं, दुपारपर्यंत सिंक, ओटा आणि बाल्कनीचा कोपरा भांड्यांनी भरलेला. सासूबाई म्हणाल्या, "ताई, हे सगळं उरकूनच जा हं, घरचंच कार्य आहे." ताईंनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "आजी, करते की. पण आपल्यात पाहुण्यांचं वेगळं ठरलंय, आणि पंचवीस माणसांचं दीडशेत नाही व्हायचं. वहिनी, चारशे द्या आणि पुढच्या घरी फोन करून सांगते, उशीर होईल म्हणून." चारशे दिले. सासूबाईंना ते पटायला संध्याकाळ झाली, पण भांडी चकचकीत झाली आणि दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर आल्या. त्याच रात्री मी पानावर ओळ वाढवली: पंधराच्या वर पाहुणे असतील तर 400 रुपये.

सुट्ट्यांचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठवड्याची एक सुट्टी आणि शिवाय महिन्याला दोन पगारी रजा, त्यात आजारपण आलं तर पैसे कापायचे नाहीत. सणांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खूण करून ठेवल्या: संक्रांत, पाडवा, 14 एप्रिल, गावची जत्रा, गौरीजेवण, दसरा, भाऊबीज. गौरीजेवणाला आमच्याकडे कामाचा डोंगर असतो हे खरं, पण गौरी त्यांच्याही घरी बसतात. त्या दिवशी आमची भांडी आमची आम्ही घासतो. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला होता, तेव्हाही पगारवाढीबरोबर पगारी रजा हीच मागणी होती. इतक्या वर्षांनंतरही बहुतेक घरांत रजा ही मालकिणीच्या मर्जीवर असते, हे मला अजिबात पटत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे, योजना आहेत, पण तुमच्या घरात रजा किती द्यायची हे शेवटी तुमच्याच पानावर ठरतं.

अ‍ॅसिडवरून मात्र आमची बरीच ओढाताण झाली, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. आमच्याकडे बोअरचं पाणी, नळांवर आणि टाइल्सवर पांढरे थर साचतात. ताईंची सवय अशी, की दुकानातून फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली आणायची, ओतायचं, दोन मिनिटांत सगळं पांढरंशुभ्र. एकदा त्याच बाथरूममध्ये त्यांनी आधी ब्लीचिंगचं पाणी टाकलं होतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. त्या खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना बाल्कनीत बसवलं, खिडक्या उघडल्या, तासाभराने बरं वाटलं. त्या दिवसापासून अ‍ॅसिड घरात आणायचं नाही, असं ठरलं. त्याबदली लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून कपड्याने थरांवर लावायचं, वीसेक मिनिटं ठेवायचं आणि मग घासायचं. क्षारांचे थर त्याने सुटतात. तेही ब्लीचबरोबर वापरायचं नाही, आणि देवघराच्या संगमरवराजवळही न्यायचं नाही, कारण आंबट काहीही लागलं की संगमरवराची झिलई जाते. पण वेळ जास्त लागतो, आणि ताईंचं म्हणणं रास्त होतं: "वहिनी, पैसे तेवढेच आणि वेळ दुप्पट, असं कसं?" म्हणून बाथरूमच्या दिवशी बाल्कनी झाडायची नाही, हे ठरवलं. आपण एखादी गोष्ट बंद करायला सांगतो तेव्हा तिचा वेळ कुठून येणार हेही आपणच सांगायला हवं. रबरी हातमोजे आम्ही आणून दिले. फिनेलला त्या ते घालतात, भांड्यांना नाही. भांडी हातातून निसटतात म्हणतात.

आता त्यांच्या अटी. पहिली: ताटातलं उष्टं कचऱ्यात टाकूनच ताट सिंकमध्ये ठेवायचं, आणि जळका कुकर रात्रीच भिजत घालायचा. दुसरी: रात्री आठनंतर फोन करायचा नाही, उद्याचं काही असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप ठेवायचा. तिसरी त्यांनी लिहिली नव्हती, तोंडी सांगितली, तीही मान खाली घालून: सकाळी सातला घर सोडतात, पाच घरं करून दोनला परततात, आणि मधल्या वेळेत कुठल्याच घरी बाथरूम वापरू देत नाहीत. पाळीच्या दिवसांत हे काय होत असेल याचा विचार करा. जे संडास त्या स्वतः घासतात तेच त्यांना वापरता येत नाहीत. ही ओळ मी माझ्या हाताने पानावर सगळ्यात वर लिहिली: आमचं बाथरूम ताईंनी हवं तेव्हा वापरायचं. चहाचा कपही घरातलाच, वेगळा नाही. आपल्या हद्दी पाळल्या जाव्यात असं वाटत असेल तर माणसाला माणूस म्हणून वागवणं ही त्याची पहिली अट आहे, आणि यात मी कुणाशीही तडजोड करणार नाही.

पैशांचं थोडक्यात: पगार पाच तारखेच्या आत, ऑनलाइन, म्हणजे दोघींकडे नोंद राहते. दिवाळीला एक पगार. उचल एका पगाराच्या आत, तीन हप्त्यांत फेडायची, आणि आधीची फिटल्याशिवाय नवी नाही. उचलीवरून एकदाही तोंड वाकडं झालं नाही.

जे जमलं नाही तेही सांगते. साडेनऊ म्हणजे साडेनऊ, हे जमलं नाही. त्यांच्या वस्तीत नळाला पाणी येण्याची वेळ बदलते, बस चुकते, आधीच्या घरी काम लांबतं. शेवटी नऊ ते दहाच्या मध्ये कधीही, आणि दहानंतर होणार असेल तर निरोप, असं केलं. ते व्यवस्थित चाललंय. बदली बाईचा प्रयोग फसला. सुट्टीच्या दिवशी ताईंनी आपल्या जावेला पाठवायचं असं ठरवलं होतं, पण तिला घर माहीत नाही, आम्हाला ती माहीत नाही, आणि पैसे कुणाला द्यायचे यावरून दोघी जावांतच वाजलं. ते कलम काढून टाकलं.

कागदावर न मावणारी गोष्ट म्हणजे बोलणं. ताई मनमोकळ्या आहेत, काम करताना चौथ्या मजल्यावरच्या भांडणाचं सांगायला लागतात. मी एकदाच म्हटलं, "ताई, त्यांच्या घरचं तिथेच राहू द्या, म्हणजे आमच्या घरचंही इथेच राहील." हे कामी आलं. आता त्या मुलीच्या बारावीचं सांगतात, मी माझ्या गुडघ्याचं सांगते. आवाज न चढवता, चारचौघांत नाही आणि काम चालू असताना एकदाच, असं बोललं तर वाईट वाटत नाही.

आणखी एक काम आवर्जून करा. घरेलू कामगार मंडळाकडे ताईंची नोंदणी करायची तर वय 18 ते 60 लागतं, आणि आपल्याकडे काम करतात असा दाखला काम देणाऱ्या घराने द्यावा लागतो. बऱ्याच जणी तो मागायला कचरतात, आणि बरेच जण सही करायला घाबरतात. सहीने आपलं काही जात नाही. आम्ही दिला, ताईंनी बाकीच्या घरांतही मागितला.

भाड्याच्या घरात दोन-चार महिनेच राहणार असाल तर एवढं लिहिणं कदाचित जास्त होईल. तिथे काम, पगार आणि रजा एवढं तोंडी ठरवलं तरी चालेल. घरात वडीलधारे असतील तर मात्र पान लिहिताना त्यांनाही बसवा, नाहीतर तुम्ही ऑफिसला गेलात की नियम बदलतात.

पगारवाढीची तारीख आमच्या पानावर राहून गेली होती. ती दरवर्षी एक जूनला असावी असं ताईंनी सुचवलंय, कारण वह्या, गणवेश आणि फी यांचा खर्च तेव्हाच येतो. दहा टक्के त्या म्हणाल्या आहेत, मी हो म्हटलंय, आणि नवं पान या रविवारी लिहायचंय.