कोल्हापूरच्या राजारामपुरीतली उत्क्रांतीची कार्यशाळा: सासऱ्यांना घेऊन गेले होते, त्याचा हिशेब

पैसे वसूल झाले का, एवढंच कुणाला हवं असेल तर: झाले. माणशी २५० रुपये, त्यात चहा-पोहे आले. पण ज्यांना उत्क्रांती आधीच पटलेली आहे त्यांनी जाऊन फार काही हाती लागणार नाही. "माकडापासून माणूस? काहीतरीच!" म्हणणाऱ्या माणसाला घेऊन जायची ही जागा आहे. मी मामांना नेलं. मामा म्हणजे माझे सासरे. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकवली नाही. लेक यंदा दहावीला. राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. ती मोठ्यानं वाचायला लागली की मामा सोप्यातून ओरडणार, "खोटं हाय ते!" दहावीच्या वर्षात घरात हा रोजचा तमाशा कोण ऐकून घेणार?

शिकवणारे सर निवृत्त जीवशास्त्र शिक्षक आहेत. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, सतरंजीवर सगळा पसारा. सुरुवातीलाच म्हणाले, "देव आहे का नाही, हा आजचा विषय नाही. त्याची फी मी घेतलेली नाही." लोक हसले आणि मामांनी घडी घातलेले हात सोडले. आमच्या गटात एक जैन जोडपं होतं, चर्चला नेमानं जाणारी एक नर्स होती आणि डी.एड.च्या दोन मुली.

माकडाचा प्रश्न सरांनी हेळव्यावर सोडवला. आपल्याकडं बैलगाडी घेऊन हेळवी येतात, पिढ्यांच्या वंशावळी वाचून दाखवतात, हे कोल्हापूर-सांगलीकडच्यांना सांगायला नको. प्रत्येकाच्या हातात कागद दिला आणि आपली वंशावळ आठवेल तेवढी मागं काढायला लावली. मामांनी पणजोबापर्यंत नेली. सर म्हणाले, "काका, तुमचे चुलतभाऊ हयात आहेत?" आहेत म्हणाले. "मग तुम्ही चुलतभावापासून झालात का?" मामा म्हणाले, "न्हाई, आमचा आजा एक." बास, तेवढंच. माणूस आणि चिंपांझी यांचा असा सामाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होता, माकडं अजून का आहेत हा प्रश्नच तिथं उरत नाही. डी.एड.च्या मुलीनं विचारलं, आपल्या दशावतारात हे आधीच सांगितलेलं नाही का, मासा, कासव, वराह? सरांनी तिची टर उडवली नाही. "ती एकामागं एक पायऱ्यांची रांग आहे. आपण आता काढली तिला फांद्या आहेत. मासे अजून आहेत आणि तेही बदलत आलेत," एवढं बोलून पुढं गेले.

मग फासे. प्रत्येक गटाला दहा. एकाच फेकीत दहाही सहा पडायची शक्यता सहा कोटींत एक. आता नियम बदलला: सहा पडला तो बाजूला ठेवायचा, उरलेले परत टाकायचे. पंधरा-वीस फेऱ्यांत सगळ्या गटांचे दहा सहा जमले. "एवढं सगळं आपोआप, योगायोगानं कसं घडेल?" या आक्षेपाला हे उत्तर. योगायोग फेकण्यात असतो, राखून ठेवण्यात नसतो. नर्सबाई खूश झाल्या. मामा नाही झाले. "सहाच ठेवायचा, हे ठरवलं कुणी?"

खोली शांत. मला वाटलं, आता सर मामांना गप्प करणार. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: 'इथं खेळ फसतो.' म्हणाले, बरोबर पकडलंत. निसर्गात आधी ठरवलेला सहा नसतो. ज्याची पिल्लं जगली तोच त्या जागेपुरता, त्या काळापुरता सहा. पाऊस बदलला की उद्या तीन हा सहा होईल. या एका ओळीसाठी मी या कार्यशाळेला चांगलं म्हणतेय. पटवायला निघालेला माणूस स्वतःच्या उदाहरणाचं भोक स्वतः दाखवतो, तेव्हा समोरचा ऐकायला लागतो. मामा त्यानंतर पुढं सरकून बसले.

नऊवारीचा खेळ मला धंद्यामुळं (माझं शिवणकामाचं, फॉल-पिकोचं दुकान आहे) जास्त आवडला असेल. सव्वाआठ मीटरची साडी खोलीभर पसरली. एक टोक म्हणजे पृथ्वीचा जन्म, ४५४ कोटी वर्षांपूर्वी, आणि पदराचं टोक म्हणजे आज. एक सेंटिमीटर म्हणजे ५५ लाख वर्षं. बहुतेक साडीभर नुसते सूक्ष्मजीव. डोळ्यांना दिसतील असे प्राणी पदराच्या टोकाआधी मीटरभरावर. डायनासोर संपले ते टोकापासून बारा सेंटिमीटरवर, आणि सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्ह्याचा झाला तो लाव्हाही त्याच सुमाराचा. म्हणजे आपला पन्हाळा अर्ध्या वितीवर. माणसाची जात, तीन लाख वर्षं, अर्धा मिलिमीटर. टोकाचा एक धागा. मामांनी वाकून तो धागा चिमटीत धरून पाहिला. साडी सुती होती ते बरं, सिल्कची असती तर मी कुणाला चपला घालून जवळ येऊ दिलं नसतं.

इथून पुढं थोडी गडबड. मंडईतून आणलेले कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली मांडले. हे सगळं एकाच जंगली रोपापासून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेलं. कुणी पानं निवडली, कुणी फूल, कुणी खोड. माहिती खरी आणि बघायला मजेची. पण जैन काका लगेच म्हणाले, "म्हणजे निवडणारा लागतोच की!" प्रश्न मामांच्या फाशांवाल्या प्रश्नाइतकाच नेमका होता, पण पोह्यांची वेळ झालेली, सर "ते पुढं येईल" म्हणून उठले. खडू फळ्याजवळ तसाच पडून. पोहे खाताना काका बायकोला म्हणत होते, बघ, शेवटी कर्ता आलाच. ज्यांच्यासाठी कार्यशाळा आहे त्यांनाच हा खेळ उलटा शिकवतो. ठेवायचाच असेल तर नंतरच्या चोचींच्या खेळाला चिकटून ठेवा, मध्ये पोहे नकोत.

चोचींचा खेळ असा: ताटात चुरमुरे, मोहरी, अख्खे अक्रोड. हातात सांडशी, चमचा, भुवयांचा चिमटा, ज्याच्या वाट्याला जे येईल ते. मिनिटभरात वेचायचं, कमी वेचणारा बाद, जास्तवाल्याच्या हत्याराची पिल्लं वाढणार. मग सरांनी चुरमुरे आणि मोहरी काढून घेतली. चिमटेवाले सगळे उपाशी. डी.एड.ची मुलगी म्हणाली, पक्ष्यानं प्रयत्न करून चोच मोठी करायची. त्यावर मामा, "कशी करंल? मला चिमटा मिळाला तो मिळाला. मी काय निवडला न्हाई." सर काही बोललेच नाहीत, नुसते मामांकडं बोट दाखवून हसले. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ जोडप्यानं हेच मोजलं. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, जाड चोचीचे फिंच पक्षी जास्त जगले आणि पुढच्या पिढीच्या चोची सरासरीनं मोठ्या निघाल्या. तिथं निवडायला कुणी शेतकरी बसलेला नव्हता. जैन काकांना हे तेव्हाच्या तेव्हा मिळायला हवं होतं.

शेवटचा खेळ पाच मिनिटांत उरकला, आणि तोच सगळ्यात भक्कम होता. गुणसूत्रं म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या. त्यांच्या चिंपांझीत २४ जोड्या, माणसात २३. एक जोडी गेली कुठं? सरांनी कापडाचा तुकडा फिरवला, त्याच्या मधोमध काठ. दुकानात काल लागलेली पोरगीही सांगेल की मधे काठ आला म्हणजे दोन तुकडे जोडलेत. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात मधोमध तसाच 'काठ' सापडतो, एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारा डीएनएचा मजकूर. म्हणजे दोन गुणसूत्रं जोडून एक झालं. याला अर्धा तास द्या हो सर.

अजून एक तक्रार. आमच्या पेठेत गच्चीगच्चीवर ढाबळी आहेत, आणि डार्विननं स्वतः कबुतरं पाळून १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. लक्का काय आणि बाकीच्या जाती काय, सगळ्या साध्या पारव्यापासून आल्या, असं त्याचं म्हणणं. कोल्हापुरात बसून कोबी दाखवायचा?

मामांना पटलं का, असं शेजारीण विचारत होती. माळ गळ्यात आहे, हरिपाठ चालू आहे. लेक धडा वाचते तेव्हा आता ओरडत नाहीत, मधेच थांबवून "त्यात फाशांचं लिवलंय का?" विचारतात. नाही लिहिलेलं.

पाचात चार तारे. जिना उभा आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांना आधार लागेल. गाडी गल्लीत लावू नका, मुख्य रस्त्यावर लावून चालत या. दहा वर्षांखालची मुलं फासे पळवतात, त्यांना घरी ठेवा.