सँडोच्या डंबेलपायी 32,550 रुपये घालवले, नाशिककरांनो वाचा

आधीच सांगतो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. घरचे हसून झालेत, तालमीतली पोरं हसून झालीत, पोलिस स्टेशनातले तर खुर्ची मागे रेलून हसलेत. आकडा 32,550 रुपये, एका जुन्या डंबेलच्या जोडीसाठी, जी मी अजून हातातही धरलेली नाही.

मी सातपूरला टूलरूममध्ये आहे, लेथ ग्राइंडर व्हर्निअर यातच वीस वर्षं गेली. सहा-सात वर्षांपूर्वी ग्रिपचं, म्हणजे मुठीच्या ताकदीचं वेड लागलं. मेनरोडला दीडशेला मिळतो तो प्लास्टिकच्या मुठीचा ग्रिपर नाही हां, कॅप्टन्स ऑफ क्रशचे धातूचे ग्रिपर, दाबून दोन्ही मुठी एकमेकींना टेकल्या की तो बंद केला म्हणायचं. त्यात एक नंबर 140 पौंडाचा, दोन 195, अडीच 237.5, तीन 280 आणि चार 365. तीन नंबर अधिकृतपणे पहिल्यांदा बंद केला तो रिचर्ड सोरिनने 1991 ला, आणि चार नंबर जो किनीने 1998 ला, यावरून अंदाज घ्या. मी दोन बंद करतो, अडीचला गेलं दीड वर्ष नखाएवढी फट राहते ती राहतेच. रविवारी आम्ही सात-आठ जण जमतो, ग्रिपर, दोन्ही हातांच्या चिमटीत प्लेटा उचलणं, जाड दांड्याची डेडलिफ्ट, आणि मीच लेथवर बनवलेलं 60 मिमीचं फिरतं हँडल, ज्यात अंगठा सुटला की वजन खाली. हरला त्याने मिसळ द्यायची. एवढीच आमची स्पर्धा, पण तयारी वर्षभर.

त्यातूनच जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. एका पडक्या तालमीतली दगडी नाल, म्हणजे व्यायामाला उचलायचं दगडी वजन, आहे माझ्याकडे, गोदाघाटाच्या बुधवारच्या बाजारातून 900 ला घेतलेली मुद्गलांची जोडी आहे. पण मनात एकच वस्तू होती, सँडोचं स्प्रिंग ग्रिप डंबेल. आपण ज्याच्या नावाने सँडो बनियन म्हणतो तोच हा युजेन सँडो, जुन्या काळचा नामांकित बलदंड शरीरसौष्ठवपटू. त्याचं हे डंबेल मधोमध उभं चिरलेलं असतं, दोन फाकांमध्ये स्प्रिंगा, व्यायाम करताना मूठ आवळून दोन्ही फाका मिटलेल्या ठेवायच्या, जोर वाढवायचा तर स्प्रिंगा वाढवायच्या. सव्वाशे वर्षांपूर्वीचं डोकं आहे हे! बाहेरून मागवायचं तर शिपिंग आणि कस्टम मिळून घोड्यापेक्षा नाल महाग.

आणि मी शहाणा, जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहून ठेवलं होतं की सँडो डंबेल कोणाकडे असेल तर कळवा, योग्य किंमत देईन. गळाला कुठलं आमिष लावायचं ते माशानेच सांगून ठेवलं की राव.

मंगळवारी रात्री मेसेज आला. देवळाली कॅम्पात पारशी आजोबांचा जुना बंगला, विकायला काढलाय, सामान आवरताना पेटीत ही जोडी निघाली, दादा तुमची पोस्ट बघितली म्हणून विचारतो. चार फोटो. आजोबांच्या वडिलांनी मुंबईत घेतली म्हणे, सँडो आला होता तेव्हा. आता बघा, सँडो 1905 मध्ये खरंच हिंदुस्थानात येऊन गेलाय, देवळालीत पारशी बंगले खरंच आहेत, ब्रिटिशांची छावणी खरंच होती. सगळं खरं, फक्त डंबेल खोटं. जो म्हणतो "असं कसं फसलास" त्याला मी हेच सांगतो की बाबा, तो मला लॉटरी लागली म्हणत नव्हता, मला जे माहीत होतं तेच मला परत सांगत होता.

आता तो क्षण. हा लिहिताना आत्तासुद्धा कानशिलं तापतात.

तिसरा फोटो मी झूम करून बघत होतो. निकेल उडालेलं, आतून काळपट लोखंड दिसतंय, स्प्रिंगांवर गंज, एकदम झकास. आणि फाकेच्या टोकाला एक स्क्रू. फुलीचा. स्टार स्क्रू म्हणतो आपण तो. अरे वीस वर्षं स्क्रूच बघतोय मी! फुलीच्या डोक्याचा स्क्रू अमेरिकेत 1930 नंतर मोटारींच्या कारखान्यात रुळला, त्याआधी बहुतेक सपाट खाचेचाच मामला. सँडो मेला 1925 ला. म्हणजे 1905 च्या डंबेलला तो स्क्रू असूच शकत नाही, आणि हे माहीत असायला मला कुठल्या पुस्तकाची गरज नाही, आमच्या शॉपमधल्या ॲप्रेंटिसला पण मी हे एकदा सांगितलेलं आहे, चहा पिता पिता, फुशारकीने.

तर मी काय केलं असेल? त्याला विचारलं, "स्क्रू नंतर रिपेअरला बदललेला दिसतोय ना?"

तो म्हणाला, "हो दादा, आजोबांनी बदलला असेल."

संपलं. प्रश्नही माझा आणि उत्तरही मीच हातात दिलं. त्याला स्क्रूतलं काही कळत नव्हतं, कळायची गरजही नव्हती. हे लक्षात ठेवा, समोरच्याला शंका विचारताना त्यात स्वतःच सुटका घालून देऊ नका. "हा स्क्रू असा का?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

30,000 सांगितले, 22,500 ला ठरलं. मी 7,500 पाडले म्हणून खुश! बुधवारी 5,000 टोकन. तुम्ही म्हणाल देवळालीला का गेला नाहीस, सातपूरहून वीस किलोमीटर पण नाही. बायको तेच म्हणते, रोज म्हणते. तर महिनाअखेर होती, डिस्पॅच अडकलेलं, रोज बारा तास ड्युटी, मी रविवारी येतो म्हणालो होतो, पण तो म्हणे शनिवारी मुंबईचा डीलर येतोय आणि बंगल्याची चावी मामांकडे, मामा वलसाडला. मी म्हटलं मग वस्तू तुझ्याकडे आहे की मामाकडे, तर म्हणे वस्तू माझ्याकडे पुण्यात आहे दादा, बंगला देवळालीत. बरं. वस्तू देवळालीची म्हणून मी भुललो आणि पैसे देताना ती पुण्यात गेली, हे पण मला खटकलं नाही असं नाही, खटकलं, पण डीलरचं ऐकून पोटात गोळा आला होता. गुरुवारी 17,500 पाठवले.

पाठवताना यूपीआयवर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं. पारशी आजोबांचा नातू आणि खातं मोबाईल शॉपीचं! पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ना, ते बँकेतलं नाव असतं, ते वाचा. मी वाचलं आणि तरी पिन टाकला, कारण तो म्हणाला मित्राचं खातं आहे, माझं लिमिट संपलं.

शुक्रवारी "कुरिअरवाल्याचा" फोन, जुनी वस्तू आहे, इन्शुरन्स डिपॉझिट 3,850, डिलिव्हरीला परत मिळेल. भरले. परत मिळणारं डिपॉझिट ही जगातली सगळ्यात महाग वस्तू आहे. शनिवारी नवीनच, 100 वर्षांवरची वस्तू आहे, पुरातत्त्व खात्याची एनओसी लागेल, 6,200. आणि इथे परत तेच, 1972 चा पुरावस्तूंचा कायदा खरा आहे, 100 वर्षांची अट खरी आहे, मी स्वतः वाचलेली होती म्हणून तर पटलं. सरकारी फी कुठल्या माणसाच्या यूपीआयवर जात नसते एवढं मात्र सुचलं नाही. हे पैसे मी मुलीच्या क्लासच्या फीमधून दिले. घरी सांगितलं नव्हतं.

सोमवारी 9,999 मागितले, जीएसटी म्हणून. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जीएसटी 9,999 कसा येईल, कशाच्या किती टक्के? मी म्हटलं आता एक रुपया देणार नाही, तर तो चिडला नाही, शांतपणे म्हणाला, ठीक आहे दादा, पार्सल निघालंय.

आणि बुधवारी पार्सल आलं! खरंच आलं. पाच मिनिटं मला वाटलं मीच पापी, उगाच संशय घेतला. खोका हलका लागला. सही केली, पॅकिंगवाल्या टेपचे सात थर कापले, आत वर्तमानपत्र, त्याच्या आत बबल रॅप, त्याच्या आत केशरी-काळा प्लास्टिकचा हँड ग्रिपर, आकड्यांचं काउंटर असलेला, 5 ते 60 किलो ॲडजस्ट होणारा. तोच, मेनरोडचा. दोन बोटांनी दाबला, काउंटरवर 1 आला.

मला वाटलं चिडवायला पाठवलाय. नाही. तो पुरावा होता, त्यांचा. ते पुढे कळलं.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, पेमेंटचे यूटीआर (व्यवहार क्रमांक) दिले, तक्रार क्रमांक मिळाला. पण पहिल्या पेमेंटला आठवडा उलटलेला, पैसे चार खात्यांतून फिरून केव्हाच निघून गेलेले. ही चूक माझी, लाजेपायी गप्प बसलो. सोमवारी सोडा, शनिवारी जरी फोन केला असता तरी काही हाती लागलं असतं. लाज वाटत असेल तर वाटू द्या, फोन आधी करा, बायकोला नंतर सांगा.

पण मग पुढचं जे झालं ते माझी चूक नाही. पोलिस स्टेशनचं नाव घेत नाही, मला इथेच राहायचंय. पहिल्या दिवशी दोन तास बाकावर. मग साहेबांसमोर उभा, काय गेलं? डंबेल. बत्तीस हजाराचं डंबेल? सोन्याचं होतं का हो? शेजारचा हवालदार हसला, मग सगळेच. मी सँडो कोण ते सांगायला लागलो तर म्हणे बनियनवाला का? तिथे माझा नाइलाज झाला कारण हो, बनियनवालाच! मग विचारलं, पार्सल आलं का? आलं. सही केली? केली. "मग वस्तू मिळाली ना तुम्हाला. वस्तू आवडली नाही तर तो सिव्हिल मॅटर झाला, ग्राहक मंचात जा." आणि साहेबांनी तो ग्रिपर हातात घेतला आणि बोलता बोलता दाबत बसले, काउंटर 40 च्या पुढे गेला. माझा पुरावा होता तो. मी बघत उभा.

मी वाचून गेलो होतो, फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, जुनं 420, आणि दखलपात्र गुन्हा असेल तर हद्द कुठलीही असो, नोंदवायचा असतो. हे मी बोललो तर उत्तर आलं, "वकील आहात का?" मग सायबरकडे जा. सायबरला गेलो तर रक्कम ऐकूनच म्हणाले तुमच्या स्थानिकला द्या. स्थानिकला परत गेलो तर ड्युटीला दुसरे साहेब, त्यांना पहिल्यापासून सांगा, परत सोन्याचं होतं का. तिसऱ्या खेपेला खातं राजस्थानातलं निघालं, म्हणून हद्दीचा प्रश्न. चौथ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. चार हाफ डे गेले माझे, त्याचे पैसे वेगळे कापले, ते 32,550 मध्ये धरलेच नाहीत. अखेर अर्जावर शिक्का मारून पोच दिली, गुन्हा नाही, अर्ज. माझ्या नावातसुद्धा चूक.

बँकेत वेगळाच तमाशा. मॅडम म्हणाल्या पिन तुम्हीच टाकलाय. हो मॅडम, मीच टाकला, म्हणून तर आलोय. लेखी द्या. दिलं. दहा दिवसांनी तेच वाक्य मेलवर आलं. आणि कळस म्हणजे एका खात्यात 1,140 रुपये होल्ड झालेत माझ्या नावाचे, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात. वकिलाने 3,000 सांगितले. 1,140 साठी 3,000! मी हिशोब मांडून बघितला, कागदावर, खरंच.

मधेच एकाचा फोन आला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे काढून देतो, 2,000 प्रोसेसिंग. माझ्या तक्रारीचं त्याला कसं कळलं देव जाणे. त्याला मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. पण असे फोन येतात, तयार राहा.

घ्यायचंच असेल जुनं काही तर वस्तूवर त्याच दिवशीची तारीख लिहिलेला कागद ठेवून व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, फिरवून, आणि स्प्रिंग दाबून आवाज ऐकवायला सांगा. माझ्याशी तो एकदाच व्हिडिओवर आला, अकरा सेकंद, मग नेटवर्क गेलं. पुण्यात नेटवर्क गेलं! आणि गावातली वस्तू असेल तर गाडी काढा राव, एक खाडा परवडला.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तेच चार फोटो दिसले. आता बंगला पाचगणीचा झालाय, आजोबा तेच, किंमत 35,000. खाली तिघांनी "इंटरेस्टेड" लिहिलेलं. मी फक्त "तिसऱ्या फोटोतला स्क्रू बघा" एवढंच लिहिलं, मिनिटभरात मला ब्लॉक केलं. त्या तिघांपैकी एकाला मी वेगळा मेसेज टाकलाय, अजून त्याने बघितलेला नाही.

नाशिक, सिन्नर, इगतपुरी, कुठलाही असो, याच फोटोंना कोणी पैसे दिले असतील तर मला कळवा. पोच माझ्याकडे आहे, तक्रार क्रमांक आहे, दोघं-तिघं मिळून गेलो तर निदान बाकावर सोबत होईल. ग्रिपर मी घेऊन येतो, काउंटर आता 52 वर आहे.